मळहात

आईचा डावा मळहात तिचाच आहे,
पण हाताचा नाही.

धानगिरणीच्या पट्ट्यात पदर गेला
आणि पदर सोडवायला हात गेला.
मी तेव्हा नव्हते.
तळहात वाचला, बोटं चार वाचली,
वरची साल तेवढी निघून आली
उकडलेल्या कोशाची निघते तशी.

नागपूरच्या मेडिकलात डॉक्टर वासेकर
चादर सारून जागा शोधू लागले
तर डाव्या मांडीवर एक पट्टा,
गुळगुळीत, निबर, लव नसलेला.
इथं भाजलं होतं का?
"भाजलं नाई जी, कोसा हाय.
सोळा वर्सं झाली, याच मांडीवर सूत वळतो मी.
कुठूनबी काढा, पन हिले हात नोका लावू."

डॉक्टरांनी निळी रेघ वर सरकवली,
जांघेत, नाडीच्या गाठीखाली,
जिथं ऊन कधी गेलंच नव्हतं.

तिथली कातडी तीन बाजूंनी उचलली,
चौथीकडून राहू दिली, देठ राहतो तशी,
आणि हात नेऊन तिच्यात शिवला.
एकवीस दिवस
आईचा हात खिशात असल्यासारखा
आणि लुगड्याला कुठं असतो खिसा.

कातडी गेली तिथल्या दोन्ही कडा
ओढून जवळ आणल्या, टाके घातले.
म्हणून गुडघ्याखाली उशी,
म्हणून ताठ उभं राहणं बंद,
खोकला आला की दातात पदर.
"देनाऱ्याचंबी तोंड शिवा लागते,"
ती म्हणते.

मग देठाला रबर बांधायचे.
आधी पाच मिनिटं. मग दहा. मग अर्धा तास.
कातडीनं पोटाकडचं रक्त विसरावं,
हाताचं प्यायला शिकावं म्हणून.
खोब्रागडे सिस्टर घड्याळ बघायची,
आई बोटानं दाबून बघायची
पांढरं पडतं का, लाली परत येते का.
"लेकराचं अंगावरचं तोडतेत ना, तसं."
लेकरू तोवर झालं नव्हतं तिला.

घरी आली तेव्हा मळहात
गोरा, फुगीर, पाहुण्यासारखा.
मोहाडीच्या बाजारात सुटे पैसे घेताना
ती पदर ओढायची
डोक्यावर नाही, हातावर.
"जे नवऱ्यानं उजेडात पाह्यलं नोयतं
ते आता वांगेवाला पाह्यते!"
आणि एवढी हसायची
की त्याची तागडी अधांतरी राहायची.

पोटाची कातडी पोटाचंच ऐकते, कुठंही नेऊन लावा.
माझ्या वेळी पाचव्या महिन्यात
पोटाआधी मळहात भरला.
बांगडी चढेना.
कासारीण म्हणाली, सूज आहे बाई, मीठ सोड.
आई म्हणाली,
"सूज नोय. माहेर आठवलं तिले."

पुढं ऊन लागत गेलं, रंग बसत गेला.
आता शिवणीपाशीच तेवढा फरक,
दोन लडींचा कोसा एका पातळात लागावा तसा.
चटका मात्र तिथं कळत नाही अजून,
चुलीजवळ बसली की मी नजर ठेवते,
ती चिडते.

जांघेतली रेघ मी एकदाच पाहिली,
ती तापानं फणफणलेली, मी अंग पुसत होते.
वीतभर. फिकी. जरा वाकडी,
डॉक्टरची असूनही.
तिच्याखाली मांडीवरचा तो पट्टा
तसाच, चकचकीत, कुणी न शिवलेला.
मी ओला फडका रेघेवरून जपून नेला.

"दुखत नाई ते," डोळे मिटूनच म्हणाली,
"तो नटवा सरकव इकडं.
लड अर्धी राह्यली."