आगीला किती वारा द्यायचा

यंत्र टेम्पोतून उतरवायला आठ माणसं लागली,
चालवायला कोणीच नव्हतं.
म्हणून वागळे इस्टेटीतून मी गेलो, तीन दिवसांसाठी,
किन्हवलीच्या पुढे, डांबर संपतं तिथून आणखी दीड कोस,
अठ्ठावीस उंबऱ्यांच्या कातकरवाडीत.
वाडीच्या डोक्यावरून मोठ्या मनोऱ्यांच्या तारा जातात.
दमट रात्री करकरतात,
कोणाचे तरी दिवे घेऊन जातात,
खाली थेंबभर सांडत नाहीत.

मी समजावत होतो:
हा हॉपर, ही जाळी, हा वाळूचा गाळणा.
लाकूड जळू द्यायचं नाही, नुसतं धुमसवायचं,
धुरात जे जळायचं राहून जातं
त्यावर इंजिन चालतं.
पोरं माना डोलवत होती.
मागे उकिडवी बसलेली एक बाई
घाणेरीची काटकी मोडून आवाज ऐकत होती.
"ओली हाय," म्हणाली. एवढंच.
माझ्या मीटरनेही मग तेच सांगितलं,
जरा उशिरा, आकड्यांत.

बारकी हिलम.
बारा वर्षं कोळशाच्या भट्टीवर,
आधी मुरबाडकडे, मग ट्रकने पार कर्नाटकात,
नवऱ्याने घेतलेली उचल फेडत,
नवरा गेल्यावर दिराची.
मातीने लिंपलेल्या ढिगाभोवती रात्र रात्र फेऱ्या:
भोक कुठे पाडायचं, कधी बुजवायचं.
धूर पांढरा, म्हणजे पाणी निघतंय, बसून राहा.
धूर निळा, म्हणजे ऊठ, माती टाक, तोंड बंद कर.
डोळा लागला तर सकाळी कोळशाच्या जागी राख,
आणि राखेचे पैसे मजुरीतून.

वनरक्षकाने कागद दिला होता:
पडलेलं, वाळलेलं; घाणेरी हवी तितकी.
बाया माहुलीच्या उतारावरून कारवी आणत.
सात वर्षं गप्प राहून ती एकदाच निळी झाली होती,
मग उभ्या उभ्या वाळली.
कोयत्याने तिचे वीतभर तुकडे करताना
कोणीतरी म्हणालं, मध गोड होता त्या साली.

आधी काय चालवायचं यावर भांडण झालं.
सरपंचाच्या माणसाला खांबावर दिवा हवा होता, फोटोसाठी.
बाया म्हणाल्या, चक्की.
नाचणीचं पोतं डोक्यावर घेऊन
किन्हवली कोणी गाठायची, दिवा?

तिसऱ्या रात्री चक्की अर्ध्या पोत्यावर असताना
इंजिन खोकलं.
मी झडप आणखी उघडली. बल्ब लाल झाला,
तारेचा कोळी दिसला काचेत, मग तोही गेला.
काळोखात पीठ खाली बसत होतं, नाकाला कळत होतं.
"लय वारा दिलास रं.
पोट भरलं का आग राख करते.
अर्ध्या पोटी ठेव तिला. मरू नको देऊ."
मग हळूच, माझ्याशी नव्हे:
"शेठ आम्हाला ठेवायचा तशी."

मला उत्तर सुचलं नाही.
माझ्या हातातला पाना मी
उगाच या हातातून त्या हातात घेतला.
तिने झडप दोन बोटांनी फिरवली, केसभर,
परत केसभर,
नळीला कान लावून,
तापलेल्या पोराच्या छातीला लावावा तसा.
इंजिनाने एकदा आवंढा गिळला
आणि धरलं.

मी सात दिवस राहिलो.
निघताना वहीत चालकाच्या रकान्यात
तिचं नाव लिहिलं; सहीच्या जागी तिने
हॉपरखालच्या कोळशाचा अंगठा उमटवला.
"ह्यो कोळसा कोणाचा?" तिने विचारलं.
वाडीचा, म्हटलं.
ती अंगठ्याकडे बघत राहिली.

आता दहाला ती इंजिन बंद करते.
आधी चक्की, मग अंगणवाडी, शेवटी खांबावरचा दिवा,
तोही लावला शेवटी.
पोरं ओरडतात, थोडं राहू दे ना आत्या.
ती ऐकत नाही.
अंधार पूर्वी मनाला येईल तेव्हा यायचा वाडीत,
आता बारकी आणते तेव्हा येतो.
वर तारा करकरत असतात.
खाली जाळीत निखारे, राखेखाली,
उद्यापुरते.