दहा बाय अठरा

इम्तियाज होडेकर टेप घेऊन आला
पण गाडीकडे त्यानं आधी बघितलंच नाही.
ओलं बोट वर धरून उभा राहिला अंगणात.
"खारा वारा कुठनं येतो तुमच्याकडं?"

मी म्हटलं, सगळीकडून.
आचऱ्यात दाराची कडीसुद्धा खारट लागते,
माझ्या धाकट्यानं चाटून बघितलीय.

गाडी सेकंडहँड, पांढरी, सात सीटची,
कणकवलीच्या एका डॉक्टरणीची.
मागच्या दाराखाली गंज फुटलाय
आंबोळीच्या कडेसारखा जाळीदार.
अठरा हप्ते बाकी आहेत अजून
आणि गंज काही हप्त्यांसाठी थांबत नाही.

"पत्रा स्वस्त," इम्तियाज म्हणाला,
"पण हा माड आहे वर."
सासरे ओट्यावरून बोलले,
"माडाक डोळे असतत. माणसावर नारळ टाकूचो नाय तो."
माणसावर नाही.
गाडीचं कुणी काही सांगितलेलं नाही.

पारदर्शक शीट मी मालवणात बघून आले होते.
दुकानात काचेसारखी,
आणि शेजारच्या लॉजवर तीच, तीन वर्षांची,
चहाच्या फडक्यासारखी.
हिरवी जाळी काजूच्या रोपांना बरी.
दीर म्हणतात, झाप घाला,
माड आपले, बांबू आपले, खर्च काय?
खर्च दर वर्षाचा, भावोजी,
आणि झाप विणायला बसणार कोण?
दीर पेपर उघडतात.

मुणगेकरांनी केली होती तशी शेड नको.
चारी बाजूंनी बंद, पेटीसारखी.
वादळानं खालून हात घातला
आणि झाकण उघडावं तशी उघडली.
पत्रा खाडीपलीकडे कांदळवनात सापडला,
त्याच्यावर बगळा,
जसा काही त्यानंच करून घेतला होता.

रात्री नवऱ्याचा व्हिडिओ कॉल, जहाजावरून.
मागे इंजिन घरघरतंय.
"शटर लाव. कुलूप लाव. जमाना काय आहे!"
चित्र अडकलं, तोंड उघडं राहिलं त्याचं,
तेवढ्यात मला बोलायला मिळालं.
पहाटेची गाडी पावणेपाचला लागते स्टेशनात.
मी साडेतीनला निघते
बॅगा, पेंगणारी मुलं, कुणाची तरी म्हातारी फणसासकट.
त्या वेळी मला शटर वर ढकलायचं नाही.
मला सरळ बाहेर पडायचंय.
चित्र सुटलं. "काय म्हणालीस?"
म्हटलं, शटर नाही.

तर असं ठरलं.
पाइप जस्त चढवलेले. पाया अडीच फूट, चिरा फोडून.
तिन्ही बाजू उघड्या, पश्चिमेला तेवढी
कमरेएवढी भिंत, वर वाऱ्याला वाट.
उतार विहिरीकडे.
"वेल्डिंगच्या जागी रंग दोनदा मारा," इम्तियाज म्हणाला,
"दर वर्षी, शिमग्याला. बाकी सगळ्या बोलायच्या गोष्टी."
बेचाळीस हजार म्हणाला. अडतीस म्हटलं मी.
चाळीसवर त्यानं टेप सोडली,
ती सरसर घरात शिरली तिच्या.

आज खांब उभे आहेत. छप्पर नाही.
पत्रे कोल्हापुरातून निघालेत, जाड, पांढरे,
फोंडा घाटात ट्रक बंद पडलाय म्हणे.
कुत्र्यानं त्याआधीच जागा घेतलीय,
आणि एक तलंग कोंबडी
मागच्या चाकाशी उकरून बसते,
तिला कोटेशन लागलं नाही.

रात्री साडेदहाला परत आले.
रिव्हर्स घेतली, पहिल्यांदाच त्या चौकटीत.
डावा खांब आरशात आला, उजवा आला,
दोन्हीकडे वीतभर जागा.
कुणी "येवंदे, येवंदे" म्हणायला मागे नव्हतं.

इंजिन बंद केलं. काचेतून वर
चार खांबांच्या मधोमध तेवढं आभाळ,
मोजून दहा बाय अठरा,
आणि कडेला डोकावणारा माड.

हँडब्रेक ओढला
आणि मीही बघून घेतलं त्याच्याकडे.