व्रणोपचारक

सरकारी कागदावर माझं पद 'व्रणोपचारक'.
गावं डॉक्टरच म्हणतात. आधी मी दुरुस्त करायचो,
आता राहू देतो.
पाच गावं, एक मोटरसायकल, एक पत्र्याची पेटी:
कापूस, चिमटा, टर्पेंटाइन, लाल पोटॅशची पुडी.

भादव्यात जखमांना किडे पडतात.
परवा डोमाजी नंदागवळीच्या गोठ्यात
मोरी गाय लाथा झाडत होती, खांद्यामागून सडका वास,
आणि डोमाजी तिला तुतारीनं टोचत होता,
"उभी राय ना व! उभी राय!"
म्हटलं, काका, ते ठेवा बाजूला.
तिले दुखून राहिलं.

मग माझा हात तिच्या नाकापुढे धरला.
हुंगू दिलं सगळं:
तंबाखू, पेट्रोल, दुसऱ्या गोठ्यातलं शेण.
नंतर मान. नंतर वशिंड.
जखमेपाशी सगळ्यात शेवटी.
वरून रुपयाएवढी. आत अख्खं बोट बुडालं.
एकशे तीन अळ्या काढल्या (मोजायची सवय आहे),
आणि तोंडानं काहीबाही बोलत राहिलो,
पोरीच्या परीक्षेचं, कुटाराच्या भावाचं.
अर्ध्या तासानं ती रवंथ करू लागली.

परतताना नाल्याच्या पुलाअलीकडे पेट्रोल संपलं.
"ढोरा!"
मी ओरडलो, स्वतःवरच.
"साधा काटा पाहता येत नाही तुला, ढोरा!"
आवाज माझा, ओढ बापाची.
मीठ आणायला विसरलो, ढोर.
रजिस्टरात खाडाखोड झाली, ढोर.
आणि सुगंधाबाईंचं वासरू गेलं
तेव्हापासून तर झोपेतसुद्धा.

गाडी ढकलत होतो. तुरीच्या वावरावर टिटवी
एकसारखी ओरडत होती.
मध्येच पाय थांबले.

ढोर?
बरं. ढोर तर ढोर.
पण ढोराजवळ मी असा जातो का?

गाडी स्टँडवर लावून कठड्यावर बसलो.
हात खरंच नाकाशी नेला. हसू नका.
मोरीचा वास होता, टर्पेंटाइनचा,
आणि खाली कुठंतरी माझा.
मग त्या रात्रीकडे गेलो,
समोरून नाही, बाजूनं,
तोंडानं काहीबाही बोलत.

फोन तीनदा वाजला होता.
सगळ्यांना सांगत आलो, झोप लागली होती.
लागली नव्हती.
अंधारात घंटी ऐकत पडलो होतो,
कारण आदल्याच आठवड्यात एक वासरू
अर्धं आत, अर्धं माझ्या हातात
गार झालं होतं.
ते पुन्हा पाहायचं नव्हतं मला.
दोन वर्षं आळशी म्हणून झोडपलं ज्याला
तो भ्यालेला होता.

त्यानं काही पुसलं जात नाही.
वासरू मेलंच.
पण चिमटा कुठं लावायचा ते दिसलं,
आणि हात फारसा थरथरत नव्हता.

सकाळी सुगंधाबाईंच्या गल्लीत गाडी घातली.
दोन वर्षं लांबच्या रस्त्यानं जात होतो.
म्हणालो, त्या रात्री फोन ऐकू आला होता मला.
त्या टोपल्यात कुटार भरत होत्या.
बराच वेळ भरतच राहिल्या.
"मालूम हाये. तीनदा वाजला.
चौथ्यांदा लावला त बंद केला होता तुनं."

चौथ्यांदाचं मला आठवतच नव्हतं.
म्हणजे अजून खोल आहे.
ढोर हा शब्द ओठांपर्यंत आला,
थोडा वेळ तिथं उभा राहिला.
मी त्याला हाकललं नाही, आत घेतलं नाही.

सुगंधाबाईंनी टोपलं बाजूला सरकवलं.
"आता आलाच हायेस त इचा कान पाय.
चार दिस झाले, कोनाले हात लावू देत नाही."

मी पेटी खाली ठेवली.
हात पुढे धरला,
आणि थांबलो.