ब्लाझेकचं बर्च

कॅझिमिर दारात उभा, कोटाच्या आत काहीतरी दडवून.
वय चौऱ्याहत्तर, आणि चेहरा असा
की आत्ताच कुणाच्या परसातली नासपती चोरून आलाय.
"लिओना, पडदे ओढ," म्हणाला. मी ओढले नाहीत.
बघायला समोर उरलंय कोण?
प्रॉसरबाईंचं घर बंद, त्याच्या पलीकडचं जळालेलं,
आणि त्याच्याही पलीकडे खाणीतल्या राखेचा ढिगारा.
त्यावर आता बर्चच उगवलेत, पांढरे, काटकुळे,
कुणी न लावता.

कोटातून बाटली निघाली.
तपकिरी काच, खांद्याशी घासून घासून दुधाळ झालेली,
बुचावर गंज, तरी "ब्ला" एवढं वाचता येत होतं.
तीन तास गाडी हाकून गेला होता तो,
कुणा मयताच्या कोठारात दोन क्रेट निघालेत, एवढ्या ऐकीव बातमीवर.
विधवेने चाळीस डॉलर सांगितले, याने पन्नास दिले;
ती सुटे शोधत बसली असती
आणि तेवढ्यात तिचं मन फिरलं असतं, म्हणून.
(गेल्या हिवाळ्यातल्या गॅसच्या बिलाचे माझे सव्वीस डॉलर
याच माणसाकडे अजून अडकलेत. असो.)

ब्लाझेकचा कारखाना म्हणजे ओढ्याकाठची पत्र्याची शेड.
ओढा नारिंगी वाहायचा, खाणीचं पाणी पोटात घेऊन.
तू पाणी कुठलं वापरतोस,
हे ब्लाझेकला गावात कुणीच कधी विचारलं नाही.

रिकामी बाटली परत केली की दोन सेंट.
कॅझ दुकानामागच्या कुंपणातून बाटल्या काढायचा
आणि पुढच्या दाराने त्याच नेऊन द्यायचा.
म्रोझेकबाईंच्या दोन उन्हाळे लक्षात आलं नाही.
की आलं होतं?
आता हे विचारायला कुठे जायचं.

बाबा पाळी संपवून पायरीवर बसायचे.
पहिला घोट तोंडात खळखळून थुंकायचे, काळा.
दुसरा गिळून बाटली आमच्या हातात.
तिच्या तोंडाला कोळशाची चव असायची,
आणि मला कितीतरी वर्षं वाटत होतं
बर्च म्हणतात ते हेच.

रंगावरून आमचं भांडण पन्नास वर्षांचं.
तो म्हणतो लाल, मी म्हणते मधासारखा.
आईला पुरून आलो त्या दुपारीसुद्धा,
चर्चच्या तळघरात, बटाट्याच्या सॅलडसमोर,
यावरून आमचे आवाज चढले होते
आणि फादरनी येऊन दोघांच्या खांद्यावर हात ठेवला होता,
त्यांना वाटलं, दुःखाने.

मी ग्लास आणले.
"ग्लास कशाला? ते बाटलीनेच पितात."
"तुझ्या कवळीचं उष्टं मला नकोय."
म्हणून ओतलं.

पाणी.
म्हणजे पाण्यासारखं. नितळ.
ग्लासाच्या आरपार खिडकी दिसली,
खिडकीत ढिगारा, उलटा, झाडं खाली लोंबणारी.
सगळा रंग काचेचा होता.
घरात ग्लास नव्हते असं नाही, होते सहा,
कपाटात, पाहुण्यांसाठी,
आणि ब्लाझेकचं बर्च पाजावं असे पाहुणे
आमच्याकडे कधी आले नाहीत.

फेस आला नाही. साखर मला वर्ज्य,
डॉक्टरीणबाई चिडतील, चिडू देत.
नाकाशी नेला ग्लास आणि थांबले.
हा वास तर माझ्या उशाशी असतो!
रोज रात्री गुडघ्यांना चोळते त्या मलमाचा,
अकरा वर्षं, डाव्याला जरा जास्त.
अकरा वर्षं मी हा वास चोळून झोपतेय
आणि सकाळी उठून म्हणतेय, ते आता कुठे मिळत नाही.

हे कॅझला सांगितलं नाही.
तो ग्लास दिव्याशी धरून फिरवत होता,
एक डोळा मिटून, बाबा कंदिलाची काच बघायचे तसा.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"लालच होतं. जुनं झालं की रंग उडतो."

मी घोट घेतला.
"मधासारखं," म्हटलं.