उलटा बाण

मुख्य मीटर म्हणतो नऊशे,
पोटमीटरांची बेरीज पाचशेवर अडते.
उरलेले चारशे काय
वॉल्विस बेच्या धुक्याने प्यायले?

मॅनेजरला उत्तर पाठ होतं :
वसतिगृहातल्या बायकांच्या किटल्या.
म्हणून रात्री नऊनंतर त्यांचं गरम पाणी बंद.
हातांना मासळीचा वास तसाच ठेवून निजायचं.

मी पॅनेल उघडलं.
मागे टॉर्च धरून म्हातारा हाउफिकू.
लाल ठीक. पिवळा ठीक.
निळ्यावर वजाचं चिन्ह,
इवलंसं, माशाच्या काट्याएवढं.

सीटीवरचा बाण उलटा.
शीतगृह तीन ताटं जेवायचं
आणि हिशेबात एकच लागायचं,
सहा वर्षं.

कुणी बसवली, विचारणारच होते,
तेवढ्यात मागचा उजेड हलला.
भिंतीवर गेला, जमिनीवर,
मग पुन्हा माझ्या हातांवर, स्थिर.

शॉर्टिंग लिंक टाकली, दोन तारा बदलल्या.
बेरीज जुळली.
वहीत मी कारण लिहिलं, नाव नाही.

हाउफिकू तोवर वसतिगृहाशी पोचला होता.
सव्वादहा वाजलेले.
त्याने गरम पाण्याचा स्विच वर केला
आणि तिथेच उभा राहिला,
आत बादल्या वाजायला लागेपर्यंत.