बेन

चार वर्षं सात महिने.
रावपुऱ्यातल्या माळ्यावरच्या ऑफिसात
पारेखांनी पासबुकावर नखाने रेघ ओढली.
"पाच वरस पूरां नथी, बेन.
आत्ता काढाल तर दहा टक्के तिथेच कापतील,
पुढचा हिशोब वेगळाच."
एक लाख अठ्ठावन्न हजारांचे दहा टक्के
मी मनातच केले.
वाघोडिया रोडवरच्या खोलीचं
सव्वादोन महिन्यांचं भाडं.

कंपनी बंद पडली का?
नाही, तीन पाळ्यांत चालू आहे.
आजारपण?
नाही, ठणठणीत.
मग कर लागणार.
नुसतं सोडावंसं वाटलं
याला त्यांच्या कागदावर चौकोन नाही.

"अने ते पहेलां?"
पेनाचं टोपण शोधत त्यांनी सहज विचारलं.
कुठे नाही, मी म्हटलं,
आणि जिना उतरताना गोरवा आठवलं.

मिठाईची खोकी. डिंकाचे डबे.
लग्नाआधीचे अकरा महिने,
जे मी एकाही अर्जात लिहिले नाहीत.
सासरी म्हणायचे, तेव्हा जायची कुठेतरी.
त्या कुठेतरीचे नऊ हजार चारशे
अजून तसेच पडून होते, व्याज खात.

मी परत वर गेले.
पारेख पहिल्यांदा हसले.
"काढले नाहीत ना? पत्युं!
जुनं खातं नव्यात आणा, वर्षं जोडली जातात."

पण तिथे मी तेजलबेन फणसे
आणि इथे तेजल इंगवले.
आमच्या दांडिया बाजारात मला कुणी बेन म्हणत नव्हतं.
कारकुनाने आपणहून लावलं असेल,
भाजीवाला न मागता कोथिंबीर टाकतो तसं.
संगणकाला कोथिंबीर चालत नाही.

गोरव्याचा शेड तोच. शेठ गेलेले.
त्यांचा मुलगा रजिस्टर उघडेना:
"तुम्हीच त्या कशावरून?"
मी पॅन दाखवलं, आधार दाखवलं,
दोन्हींवर इंगवले.
तेवढ्यात खोक्यांच्या राशीमागून सविताबेनने मान वर केली.
"अरे, आ तो पेली डाबोडी!
उलटी घडी घालायची, सगळ्यांची ओळ बिघडवायची."
त्याने सही केली. शिक्का शोधायला
अर्धा तास गेला.

कोठीवर नोटरीच्या टेबलाला एक पाय कमी होता,
खाली वीट.
टायपिस्टने वाचून दाखवलं:
तेजलबेन गोविंदराव फणसे
व तेजल मनोज इंगवले
या दोन नसून एकच व्यक्ती आहेत.
"साचुं छे ने?"

पेन डाव्या हातात तसंच राहिलं.
ती सहाच्या बसला डबा घेऊन धावायची,
गिअरच्या सायकलीसाठी पैसे साठवायची,
भाव विचारायला दर रविवारी दुकानात.
रस्त्यात भेटली असती
तर मला काकू म्हणाली असती.

मागे रांग होती.
हो, मी म्हटलं. खरं आहे.
साडेतीनशे रुपये.

आता पाच वर्षं सहा महिने झाली.
मधली सहा वर्षं तक्त्यात नुसती कोरी,
स्वयंपाक, मुलगी, मनोजची आई,
मग आणंदहून मनोजचे न येणारे फोन.
ती मोजायची नाहीत का, मी विचारलं.
"मोजत नाहीत," पारेख म्हणाले,
"पण आड पण नथी आवती."

मग त्यांनी दोन्ही अर्ज उजेडाकडे धरले,
जुना पिवळा, नवा पांढरा,
आणि चष्मा कपाळावर नेऊन
बराच वेळ खालचा कोपरा बघत राहिले.
दोन्हीकडे मी फक्त तेजल लिहिलं होतं,
शेवटचा ल डावीकडे कललेला.

"सही तो एक ज छे," ते म्हणाले.
फी पैसे आल्यावर.
पडद्यावर अजून लिहिलंय: प्रक्रियेत.