तीनशे मीटर

मुलानं नॉर्वेहून पार्सल धाडलं:
नारळाएवढं रीळ, आखूड जाड दांडा,
आणि कडं होता होता राहिलेला गळ.
सोबत चिठ्ठी: बाबा, हे हॅलिबटचं सामान.
रविवारी आम्ही बोटीवरून हेच टाकतो.

मी आयुध निर्माणीत एकतीस वर्षं लेथवर.
वस्तू हातात आली की आधी तिची चूक शोधतो.
यात सापडली नाही.

वेणा धरणावर सुकराम नान्हेनं
रीळ कानाशी धरून फिरवलं, घड्याळजीसारखं.
"आवाज गोड हाये. पन मासा कसा अस्ते?"
फोटो दाखवला. दाराच्या फळीएवढा, चपटा,
दोन्ही डोळे एकाच अंगाला.
तो बराच वेळ पाहत राहिला.
"मंग खालच्या अंगानं त्याले काय दिसते?"
चिखल, मी म्हणालो.
"मंग बरोबर हाये."

जुन्या बॅटरीचं शिसं मीच पणतीत ओतलेलं,
गळाला कोंबडीची आतडी.
मुलाच्या सूचना पाठ:
शिसं तळाला टेकलं की ठक् होतं,
ते अंगठ्यानं ऐकायचं.
मग हातभर उचल, थांब, पुन्हा टेकव.
वारा नेईल तशी बोट जाऊ दे.
ओढ लागली तरी हिसका देऊ नकोस,
मासा वळला की हा गळ
आपणच ओठाच्या कोपऱ्यात बसतो.
फार मोठा निघाला तर सोड.
मोठ्या असतात त्या माद्या.

हे ऐकून सुकराम पहिल्यांदा हसला.
"मिरगाच्या तोंडावर गाभोळीची मरळ आमीबी सोडतो.
तुमच्या पोराले सांगा,
तिकडंबी ढिवरच राह्यतात."

दोरी सुटली. एक, दोन, तीन,
ठक्.
बावीस फूट. मे महिना, धरण खाली गेलेलं.

नऊपर्यंत दोन शिंगाळे आले, मिशा हलवत,
आणि एकदा तळच लागला.
मी ओढायला गेलो, त्यानं मनगट धरलं,
डोंगा उलट्या अंगाला घेतला,
सैल सोडली, आणि गळ सुटून आला
गंजक्या काटेरी तारेचा तुकडा घेऊन.
कुणाचं तरी कुंपण होतं इथं, पाण्याआधी.

वाडीला घरी येऊन रीळ गच्चीवर ठेवलं.
वरचे काही वेढे ओले, गढूळ.
त्याखाली कोरडी हिरवी दोरी, थरावर थर,
तिकडच्या एका खोलीत बसून
पोरानं हातानं गुंडाळलेली.

रात्री त्याचा फोन. खोल होतं का, बाबा?
पुरली दोरी, मी म्हणालो.